पेन्सिलीवर ताणलेली फीत

२९ ऑगस्ट १९६६च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमधल्या कॅन्डलस्टिक पार्क या बेसबॉलच्या मैदानावर बीटल्सनी ११ गाणी वाजवली आणि जेमतेम ३३ मिनिटांत ते मंचावरून उतरले. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोरचा हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. रॉक संगीताच्या इतिहासात ही तारीख हमखास सापडते. पण त्या रात्री त्यांनी काय वाजवलं नाही, याकडे बघितलं तर ती जास्त बोलकी होते. ‘रिव्हॉल्व्हर’ ही त्यांची नवी तबकडी त्याच महिन्यात, ५ ऑगस्टला, इंग्लंडमध्ये बाजारात आली होती. तिच्यावर १४ गाणी होती. त्यांतलं एकही गाणं त्यांनी अमेरिकेच्या त्या अख्ख्या दौऱ्यात मंचावर घेतलं नाही. नवी तबकडी निघाली की गायक तिचीच गाणी घेऊन गावोगाव फिरतो, हा तर या धंद्याचा रिवाज. मग जगातल्या सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंदाने आपलं ताजं काम पेटीत बंद का ठेवलं? कारण त्यातली काही गाणी मंचावर वाजवण्याजोगी राहिलेलीच नव्हती. रॉक आणि पॉपच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण कोणता, असं विचारलं तर लोक मैफलींची नावं घेतात. माझ्या मते तो क्षण कॅन्डलस्टिक पार्कच्या जवळपास पाच महिने आधी, लंडनमध्ये, एकही श्रोता नसलेल्या खोलीत येऊन गेला होता.

तोवर तबकडी म्हणजे गाण्याचं छायाचित्र होतं. खरं गाणं मैफलीत किंवा रंगमंचावर, तबकडी ही त्याची आठवण. मराठी रसिकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नाटकात वन्समोर घेत घेत रात्र चढवणारं बालगंधर्वांचं पद तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपावं लागे, आणि ते पद म्हणजे तेवढंच, असं कोणी मानत नसे. बीटल्सची सुरुवातही अशीच झाली. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी पहिल्या तबकडीसाठी दहा गाणी मुद्रित केली. क्लबात जसं वाजवत तसंच इथे वाजवलं. त्यांच्यातला लेनन सर्दीने बेजार होता, म्हणून घसा फाडून गायचं गाणं सर्वांत शेवटी ठेवलं. यात ध्वनिमुद्रकाचं काम एवढंच, की जे घडतंय ते नीट टिपायचं.

६ एप्रिल १९६६ला ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याचं काम सुरू झालं आणि हा क्रम उलटला. गाणं जवळपास एकाच स्वरावर उभं आहे आणि खाली तंबोरा घुमत राहतो. दूर डोंगरमाथ्यावरून लामांचे मंत्र ऐकू यावेत तसा आपला आवाज लागावा, अशी लेननची इच्छा होती. जेफ एमेरिक हा ध्वनिमुद्रक तेव्हा २० वर्षांचा होता. त्याने लेननचा आवाज हॅमंड ऑर्गनसोबत येणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून सोडला. या पेटीतला भोंगा गरगर फिरतो, त्यामुळे आवाज लाटांवर हेलकावत आल्यासारखा वाटतो. ड्रमवादक रिंगोच्या मोठ्या ड्रमच्या पोटात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन स्टुडिओच्या नियमापेक्षा कितीतरी जवळ नेला. बीटल्सपैकीच मॅकार्टनीने घरच्या टेपरेकॉर्डरवर बनवलेले फितीचे तुकडे आणले होते. प्रत्येक तुकड्याची दोन टोकं जोडून वर्तुळ केलेलं, म्हणजे तोच आवाज पुन्हापुन्हा फिरत राहणार. एका वर्तुळात त्याचं स्वतःचं हसणं होतं. वेग वाढवल्यावर ते समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखं झालं.

पुढे जे झालं ते नीट डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे. ही वर्तुळं वाजवायला एक यंत्र पुरेना, म्हणून इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांमधली टेपयंत्रं तारांनी मुख्य खोलीला जोडली. प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस उभा. फितीचं वर्तुळ यंत्रापेक्षा मोठं, ते ढिलं पडू नये म्हणून कर्मचारी पेन्सिलीच्या दांडीवर ते ताणून धरत होते. इकडे गाण्याची फीत चालू असताना मिश्रणाच्या टेबलावर एकेक खटका वर सरकवला जाई, की पक्ष्यांचा कलकलाट आत यायचा. खाली ओढला, की विरायचा. कुठला आवाज कधी आणि किती, हे त्या क्षणी हात ठरवत होते. ते मिश्रण पुन्हा तसंच करणं शक्य नाही, असं निर्माता जॉर्ज मार्टिन नंतर सांगत असे. मैफलीची म्हणून आपण जी खूण मानतो, ती एकदाच घडण्याची आणि हुकली तर गेल्याची, ती इथे स्टुडिओत आली होती. फक्त वाद्य बदललं होतं. आता इमारतच वाद्य झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे बीटल्सनी शोधलेलं नाही. आक्षेप खरा आहे. पॅरिसमध्ये पिएर शेफर १९४८पासून आगगाडीच्या आणि इतर मुद्रित आवाजांतून रचना करत होता. अमेरिकेत लेस पॉलने स्वतःच्या गिटारवर स्वतःचीच गिटार चढवत आणि मेरी फोर्डच्या आवाजाचे थर रचत १९५१मध्ये ‘हाउ हाय द मून’ लोकप्रिय केलं. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने तर १९६६मध्येच ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एक गाणं लॉस एंजेलिसच्या निरनिराळ्या स्टुडिओंत तुकड्यातुकड्याने मुद्रित करून जोडलं. म्हणून मी शोधाचं श्रेय वाटत बसत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो परिणाम. शेफरचे श्रोते मोजके होते. लेस पॉल आपली करामत मंचावर साधता यावी म्हणून धडपडत राहिला. बीटल्सच्या मागे लाखो मुलंमुली होती आणि त्यांनी मंचच सोडून दिला. कमाईचा मोठा झरा बंद करून चार माणसं खोलीत जाऊन बसली, तेव्हा साऱ्या धंद्याला कळलं की तबकडी एकटी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इतिहास लोकांसमोर घडतो, असं तो म्हणतो. २५ जुलै १९६५ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतून हुर्यो उडाली. १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेन्ड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर असं काही वाजवलं, की त्यात बॉम्बफेक ऐकू यावी. हे क्षण स्टुडिओत घडले असते का? नसते. त्या हुर्योला लागणारे श्रोते स्टुडिओत कुठून आणणार! पण या दोन्ही प्रसंगांच्या तारखा जवळून पाहाव्यात. डिलनच्या त्या वर्षीच्या मार्चमधल्या तबकडीची एक बाजू विजेच्या वाद्यांचीच होती, आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ न्यूपोर्टच्या पाच दिवस आधी बाजारात आलं होतं. बदल होऊन गेला होता. न्यूपोर्टच्या श्रोत्यांची त्याच्याशी समोरासमोर गाठ पडली. हेन्ड्रिक्स तर सोमवारी सकाळी वाजवायला उभा राहिला. तोवर वुडस्टॉकच्या लाखोंच्या गर्दीतला मोठा भाग चिखल तुडवत घरी निघाला होता. जे राष्ट्रगीत जगाला ठाऊक आहे, ते १९७०मध्ये आलेल्या चित्रपटामुळे आणि तबकड्यांमुळे. त्या माळावर ते ऐकणाऱ्यांपेक्षा अंधाऱ्या चित्रपटगृहात आणि घरातल्या स्पीकरवर ऐकणारे कितीतरी पटींनी जास्त.

राहिला कृत्रिमपणाचा आरोप. फीत कापून चिकटवलेलं गाणं खोटं, गायकाचा कस बैठकीतच लागतो, असं शास्त्रीय संगीत ऐकत वाढलेल्या माणसाला वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्या संगीतापुरतं ते बरोबरही आहे. तिथे रागाची बढत समोर होते. पॉप गाण्यात बढत नाही. तिथे नेमका पोत, नेमकी घडण हेच सगळं. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे बीटल्सचं गाणं दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने मुद्रित झालं. एकाची सुरुवात लेननला आवडली, दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. फितीचा वेग कमीजास्त केला तर लय आणि पट्टी दोन्ही सरकतात, आणि नशिबाने ती एकाच दिशेने सरकायला हवी होती. डिसेंबर १९६६मध्ये मार्टिन आणि एमेरिक यांनी वेग जुळवून दोन्ही फिती कापल्या आणि जोडल्या. साधारण पहिल्या मिनिटाच्या शेवटी तो सांधा आहे. तिथून पुढे लेननचा आवाज जड होतो, गुंगीत असल्यासारखा. आठवणीत बुडत जाणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे. तो जडपणा त्याला शोभतो, आणि तो कात्रीने आणला आहे. ती कात्री कुठे चालवायची, हे कानच सांगतो. कानाच्या या निर्णयाला मी गायकीइतकंच अस्सल मानतो.

काही गमावलंही, हे मान्य करायला हवं. एका खोलीत चौघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत वाजवण्यातली ऊब थरांच्या मुद्रणात पातळ होते. बीटल्सना ते स्वतःला जाणवलं. ३० जानेवारी १९६९ला ते लंडनमधल्या आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर चढले आणि कडाक्याच्या थंडीत ४२ मिनिटं वाजवत राहिले. रस्त्यावर लोक माना वर करून उभे होते. तरी त्या दिवशीही तारा गच्चीवरून तळघरापर्यंत सोडलेल्या होत्या आणि खाली फीत फिरत होती. तिथली तीन गाणी पुढे ‘लेट इट बी’ या तबकडीवर आली.

या बदलाचा एक धागा मुंबईतून जातो. जानेवारी १९६८मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता. एका चित्रपटाच्या संगीतासाठी भारतीय वादकांना घेऊन मुद्रण चाललं होतं. त्यातच ‘द इनर लाइट’ या गाण्याची वाद्यांची बाजू मुद्रित झाली. स्टुडिओच्या भिंती बाहेरचा आवाज अडवण्याजोग्या नव्हत्या. संध्याकाळी साडेपाचला खालची कार्यालयं सुटत, जिन्यावरून कारकुनांच्या पावलांचा दणदणाट उतरे आणि तो थांबेपर्यंत मुद्रण थांबवावं लागे, असं हॅरिसनने पुढे सांगितलं आहे. ती फीत लंडनला गेली, फेब्रुवारीत ॲबी रोडवर हॅरिसनने तिच्यावर आपला आवाज चढवला आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या पाठीमागच्या बाजूला ते गाणं जगभर पोचलं. बीटल्सनी ते कधीच मंचावर वाजवलं नाही.