एक कप्पा, एक अक्षर?

सी भाषेच्या 1989च्या स्टँडर्डमध्ये वाइड कॅरेक्टर साठवायची सोय होती, ती नीट मांडून छापायची नव्हती. ती सोय 1995च्या दुरुस्तीने आली आणि मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनच्या जोडीला डब्ल्यूप्रिंटएफ उभं राहिलं. शिफ्ट-जिससारख्या जपानी पद्धतींत एक अक्षर कधी एका बाइटचं, कधी दोन बाइटचं. वाइड कॅरेक्टरने सगळ्यांना सारखाच मोठा कप्पा दिला की मोजणी सुटेल, हा विचार तेव्हा रास्तच होता. पण एक कप्पा म्हणजे एक अक्षर हे त्यामागचं गृहीतक टिकलं नाही, आणि देवनागरीपुरतं तर ते पहिल्यापासूनच चुकीचं होतं.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीन दिसतात, युनिकोडमध्ये ती सात चिन्हं होतात, यूटीएफ-8मध्ये एकवीस बाइट. दहाच्या रुंदीत छापायला सांगितलं, तर प्रिंटएफ बाइट मोजतं आणि एकही रिकामी जागा सोडत नाही. डब्ल्यूप्रिंटएफ चिन्हं मोजून तीन जागा सोडतं. तक्त्याचा रकाना दोन्हीकडे बिघडतो. फक्त दोनच चिन्हं छाप म्हटलं, तर डब्ल्यूप्रिंटएफ पाय मोडलेला ‘क्’ हाती ठेवतं. त्यात विंडोजवर कप्पा 16 बिटांचा, लिनक्सवर 32 बिटांचा. 1996मध्ये युनिकोड 16 बिटांपलीकडे गेलं, तेव्हा विंडोजच्या कप्प्यात एकेक चिन्हसुद्धा मावेलच याची खात्री उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, जोडाक्षरं जुळवणं हे फॉन्टचं आणि टर्मिनलचं काम, त्याचा दोष सीला का? जुळवणं त्यांचंच, हे खरं. पण रुंदी पाळायचं आणि मजकूर कापायचं काम फंक्शनने स्वतः अंगावर घेतलं आहे, तेव्हा त्याचा जाबही त्यालाच द्यावा लागेल. प्रिंटएफ तर अक्षर मधल्याच बाइटवर तोडतं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि मला तो मान्य आहे. तरीही तिथे आपण बाइट मोजतोय हे लपत नाही, त्यामुळे मोजणीसाठी वेगळी लायब्ररी घ्यायची गरज प्रोग्रामरला लगेच कळते. डब्ल्यूप्रिंटएफ इंग्रजीवर चाचणी पास होतं आणि मराठी नावांची यादी आली की फसतं. शिवाय एकाच आउटपुटवर आधी प्रिंटएफ चाललं असेल, तर नंतरचं डब्ल्यूप्रिंटएफ लिनक्सवर काहीच उमटवत नाही. जुन्या कोडमध्ये ते मिसळणं म्हणूनच जिकिरीचं. 1992मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी घडवलेलं यूटीएफ-8 साध्या प्रिंटएफमधून जसंच्या तसं जातं, हीच त्याची सरशी. मोजणी मात्र वेगळ्या लायब्ररीवरच सोडावी: देवनागरीतलं ‘क्षि’ एकच अक्षर धरायचं, हा नियम खुद्द युनिकोडच्या मूळ विभाजन-नियमांत 2023च्या 15.1 आवृत्तीत आला.