लाळेतलं ४३ मण्यांचं प्रोटीन आता बॅक्टेरियाही बनवतात, पण गाडी अडते दोन फॉस्फेटवर!

लाळ म्हटलं की बहुतेक जण नाक मुरडतात. पण माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि त्यातलं जवळपास ९९ टक्के नुसतं पाणी असतं. खरा खेळ चालतो उरलेल्या एका टक्क्यात. त्यातला एक चिमुकला खेळाडू म्हणजे स्टॅथेरिन.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचं असतं. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाडासारखं ते आपोआप भरून येत नाही. ते झिजू नये म्हणून लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट ठासून भरलेलं असतं. इतकं, की खरं तर लाळेतच त्याचे खडे व्हायला हवेत. मग होत का नाहीत?

साखरेचा पाक पुन्हा साखर होऊन बसू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात ना, तसंच काहीसं काम लाळेत स्टॅथेरिन करतं. आतली रसायनं वेगळी, पण परिणाम तोच. खडे धरत नाहीत आणि दाताला लागणारा माल लाळेत तयार राहतो. दातावर बसणाऱ्या पातळ संरक्षक थरातही ते असतं. (तरी खालच्या पुढच्या दातांमागे कीटण साचतंच. तिथे लाळेच्या नळ्या उघडतात आणि न घासलेल्या थरात हे खनिज जमत जातं.)

१९७७ साली श्लेसिंजर आणि हे या दोन संशोधकांनी स्टॅथेरिनची पूर्ण रचना प्रसिद्ध केली. अवघे ४३ अमिनो ॲसिड, एका माळेत ओवलेले मणी जणू. प्रोटीनच्या दुनियेत ही माळ अगदीच आखूड.

आता प्रयोगासाठी हे आणायचं कुठून? लोकांची लाळ गोळा करता येते, पण प्रत्येकाची लाळ वेगळी, सकाळची वेगळी, जेवणानंतरची वेगळी. शिवाय लाळेतलीच एन्झाइम्स हे प्रोटीन तोडत सुटतात. म्हणून मार्ग निघाला रिकॉम्बिनंट प्रोटीनचा. माणसाच्या जीनची नक्कल ई. कोलाय या बॅक्टेरियात घालायची, बॅक्टेरिया वाढवायचे, ते फोडायचे आणि हवं ते प्रोटीन गाळून वेगळं करायचं. मधुमेहाच्या रुग्णांना मिळणारं मानवी इन्सुलिन १९७८ मध्ये प्रयोगशाळेत याच पद्धतीने बनलं आणि १९८२ मध्ये त्याला औषध म्हणून मंजुरी मिळाली.

पण स्टॅथेरिनच्या बाबतीत एक गोम आहे. माणसाच्या लाळग्रंथीत या माळेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याला एकेक फॉस्फेट जोडलं जातं. दाताच्या खनिजाला घट्ट धरायला ते फार महत्त्वाचं. साध्या ई. कोलायकडे ते जोडणारं मानवी एन्झाइमच नसतं. म्हणजे माळ हुबेहूब, पण पकड ढिली! त्यामुळे बाटलीवर ‘ह्यूमन’ लिहिलंय एवढ्यावर प्रयोग उरकला तर निष्कर्ष फसू शकतो. मग संशोधक एकतर फॉस्फेट जोडणारं एन्झाइमही सोबत बनवून घेतात, नाहीतर सगळी माळ रासायनिक पद्धतीने ओवतात. ४३ मणी असल्याने ते जमतं.

आणखी एक गंमत. हेच स्टॅथेरिन दाताला चिकटलं की त्याचा आकार बदलतो आणि हिरड्यांच्या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या काही जंतूंना त्यावर पकड मिळते. पहारेकरीच चोराला शिडी लावून देतो! म्हणूनच ते सरळ टूथपेस्टमध्ये घालून मोकळं होता येत नाही.

या सगळ्याची गरज खरी कुणाला? तोंड कोरडं पडलेल्यांना. भारतात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर आहेत. उपचारात रेडिएशन लाळग्रंथींवर पडलं तर लाळ आटते आणि काही महिन्यांतच चांगले दात किडायला लागतात. बाजारातली बहुतेक कृत्रिम लाळ तोंड ओलं ठेवते, पण स्टॅथेरिनचं काम ती करत नाही.

रिकॉम्बिनंट स्टॅथेरिनच्या कुप्या सध्या तरी ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहूनच विकल्या जातात. तोवर अशा रुग्णांना डेंटिस्ट रेडिएशन सुरू होण्याआधीच दात तपासून घ्यायला सांगतात. पुढे रोजचं फ्लोराइड, घोटघोट पाणी आणि गोड कमी, यावरच भिस्त असते.