चाळीस एकरांचा हिशेब

अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्या काळात ती प्रदेशाप्रदेशाने, तुकड्यातुकड्याने गेली. १८६० च्या जनगणनेनुसार त्या देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते. त्यांपैकी राजधानी वॉशिंग्टनमधील गुलामांची सुटका १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने झाली, तेव्हा संघराज्याशी एकनिष्ठ असलेल्या मालकांना प्रत्येक गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. मुक्त होणाऱ्या माणसालाही शंभर डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती, परंतु हैती, लायबेरिया किंवा अन्य कुठे कायमचे निघून जाण्यास तो राजी असेल तरच. गुलामगिरी मोडताना नुकसान कोणाचे झाले असे कायदेमंडळाला वाटत होते, ते या दोन आकड्यांवरून पुरेसे कळते.

१ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी काढलेला मुक्तीचा जाहीरनामा हा उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या काळातील लष्करी उपाय होता. तो बंडखोर प्रदेशालाच लागू होता आणि संघराज्यात राहिलेल्या केंटकी, मिसूरी, मेरीलँड व डेलावेअर या राज्यांतील गुलामांना त्याचा स्पर्श झाला नाही. बंडखोर प्रदेशातही तो प्रत्यक्षात उतरला तो उत्तरेचे सैन्य जसजसे पुढे सरकले तसतसा. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्तीचा लष्करी आदेश निघाला तेव्हा १९ जून १८६५ ही तारीख उजाडली होती आणि दक्षिणेचा मुख्य सेनापती रॉबर्ट ली शरण आल्याला दोन महिने उलटून गेले होते. सर्व देशातील गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली. तिने गुन्ह्याची शिक्षा म्हणून करून घेतलेली सक्तमजुरी मात्र बंदीतून वगळली. त्या वेळी किरकोळ वाटलेल्या या अपवादाने पुढे कैद्यांना मजूर म्हणून भाड्याने देण्याच्या प्रथेला वाट करून दिली.

मुक्त झालेल्यांना नेमके काय हवे होते, याची नोंद सरकारी दप्तरातच आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात युद्धमंत्री एडविन स्टँटन आणि जनरल विल्यम शेर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक व चर्चप्रमुखांची भेट घेतली. त्यांच्या वतीने बोलणारे गॅरिसन फ्रेझियर सदुसष्ट वर्षांचे होते आणि आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक हजार डॉलर मोजून स्वतःला व पत्नीला विकत घेतले होते. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ त्याच्या संमतीविना, बळजबरीने घेणे म्हणजे गुलामगिरी, अशा आशयाची व्याख्या त्यांनी केली आणि आपली काळजी आपण घेण्यासाठी जमीन हवी, ती कसून पुढे विकत घेता यावी, असे सांगितले. चौथ्या दिवशी शेर्मनने पंधरा क्रमांकाचा विशेष आदेश काढला. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडची बेटे, समुद्रापासून तीस मैल आतपर्यंतची नदीकाठची टाकून दिलेली भातखाचरे आणि फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीलगतचा प्रदेश मुक्त कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आला. प्रत्येक कुटुंबास जास्तीत जास्त चाळीस एकर मिळणार होते. शेर्मन काही गुलामांचा कैवारी नव्हता. सैन्यामागून चालत आलेल्या हजारो निर्वासितांचे काय करायचे, हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न होता. तरीही जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसे या जमिनीवर वसली.

या वाटपातील दुबळा दुवा महसुलाची भाषा जाणणाऱ्या मराठी वाचकाला चटकन ध्यानात येईल: आदेशाने दिला होता तो ताबा, मालकी नव्हे. एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाल्यावर अध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे रोजी माफीचा जाहीरनामा काढला. निष्ठेची शपथ घेणाऱ्या बंडखोरास गुलाम वगळता इतर मालमत्ता परत मिळणार होती. वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्या धनिकांनी स्वतंत्र अर्ज करायचा होता आणि अशा अर्जांवर जॉन्सन यांनी सढळ हाताने माफी दिली. त्याबरोबर मळेवाले कागद घेऊन जमिनीवर हजर झाले.

मुक्तजनांच्या देखभालीसाठी मार्च १८६५ मध्ये ‘फ्रीडमेन्स ब्युरो’ हे सरकारी खाते स्थापन झाले होते. त्याचे प्रमुख जनरल ऑलिव्हर हॉवर्ड यांनी जमिनी राखण्याचा प्रयत्न केला, पण अध्यक्षांनी तो मोडून काढला आणि ही बातमी सांगण्याची कामगिरी हॉवर्ड यांच्याच गळ्यात पडली. ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये ते उभे राहिले, तेव्हा जमलेल्या लोकांतून इतका क्षोभ उसळला की एका स्त्रीने भजन सुरू करीपर्यंत त्यांना बोलता आले नाही. हॉवर्ड यांनी मालकांना क्षमा करण्यास सांगितले. त्यावर तीन जणांच्या समितीने धाडलेले पत्र त्या काळातील सर्वांत धारदार राजकीय लेखन म्हणावे लागेल. त्याचा आशय असा, की युद्धात आपला एक हात गेला, आपण कदाचित क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून एकोणचाळीस फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला फटकावले आणि आता मला त्याच्याच अटींवर राबवू पाहतो, त्याला मी कशी क्षमा करू?

जमीन नाही म्हणजे मजुरी, आणि मजुरीच्या अटी ठरवणार जुने मालक, हे गणित दक्षिणेतील नव्या विधिमंडळांनी लगेच कायद्यात उतरवले. ‘ब्लॅक कोड्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कायद्यांची सुरुवात नोव्हेंबर १८६५ मध्ये मिसिसिपीने केली. तेथे कृष्णवर्णीयांना दर जानेवारीत वर्षभराच्या कामाचा लेखी पुरावा दाखवावा लागे. तो नसेल तर भटकेगिरीचा गुन्हा, दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरील त्याच्याकडे राबणे. शहराबाहेर शेतजमीन भाड्याने घेण्यासही त्यांना मनाई होती. पोरक्या मुलांना ‘शिकाऊ’ म्हणून बांधून देताना त्यांच्या जुन्या मालकाला प्राधान्य मिळे.

या कायद्यांनी उत्तरेतील मवाळांनाही चिडवले. काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय कायदेमंडळाने, एप्रिल १८६६ मध्ये जॉन्सन यांचा नकाराधिकार ओलांडून नागरी हक्कांचा कायदा केला. मे महिन्यात मेम्फिस शहरात झालेल्या हल्ल्यांत सेहेचाळीस कृष्णवर्णीय मारले गेले, शाळा व चर्च जाळण्यात आली. मार्च १८६७ मध्ये दहा राज्यांचे पाच लष्करी विभाग करून तेथील कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क देण्यात आला. ज्यांना दोन वर्षांपूर्वी पुरावा दाखवल्याविना रस्त्याने फिरता येत नव्हते, ते राज्यघटना लिहिणाऱ्या सभांत बसू लागले, ही घटना लहान नव्हे. पण मळे जप्त करून त्यातून चाळीस-चाळीस एकर वाटावेत, हा पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांचा प्रस्ताव त्यांच्याच पक्षाने उचलला नाही. माणसावरची मालकी मोडणाऱ्यांनाही जमिनीवरच्या मालकीला हात लावण्याचे धैर्य झाले नाही.

पुढे उरली ती बटाई. मुकादमाच्या हाताखाली टोळीने राबण्यास मुक्तजनांनी नकार दिला आणि मजुरीला रोख पैसा मळेवाल्यांपाशी नव्हता, म्हणून जमिनीचे तुकडे कुटुंबांना वाट्याने लावून देण्याची तडजोड रूढ झाली. बियाणे, खेचर व अवजारे मालकाची असतील तर साधारण अर्धे पीक त्याचे. पीक हाती येईपर्यंतचे पीठ, मीठ व कापड दुकानदाराकडून उधारीवर, उभ्या पिकाच्या तारणावर आणि चढ्या भावाने घ्यावे लागे. त्याला हमी हवी असे ती कापसाची, म्हणून खाण्याचे धान्य पेरण्याऐवजी कापूसच पेरला जाई. हिशेबाची वही दुकानदाराची असे. त्यात युद्धकाळी मुंबईला शेअरबाजाराचे वेड लावणारे आणि वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याला चार पैसे दाखवणारे कापसाचे भाव युद्धानंतर उतरत गेले, आणि त्याची झळ दोन्हीकडच्या कापूस पिकवणाऱ्यांना बसली.

१८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा फ्रीडमेन्स ब्युरो बंद होऊन वर्ष झाले होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कृष्णवर्णीयांचे मोठे हत्याकांड घडले होते.

शेर्मनच्या आदेशाखालील बहुतेक कुटुंबांना जमीन सोडावी लागली. दक्षिण कॅरोलायनातील सेंट हेलेना आणि आसपासच्या बेटांवर मात्र वेगळे घडले. तेथील बऱ्याच जमिनी सरकारने युद्धकाळातच थकलेल्या करापोटी जप्त केल्या होत्या, त्यामुळे त्या माफीच्या जाहीरनाम्याच्या कक्षेत आल्या नाहीत. जुलै १८६६ च्या कायद्याने, शेर्मनच्या आदेशाचा कागद हाती असून जमिनीवरून उठवल्या गेलेल्यांना अशा जमिनीतील वीस एकरांचे तुकडे एकरी दीड डॉलर दराने विकत घेण्याची मुभा दिली. जे न्यायाच्या नावाने मागून मिळाले नव्हते, ते त्या बेटांवर करवसुलीच्या कलमामुळे, निम्म्या मापाने आणि पैसे मोजून मिळाले.