मुलांचा कैवार घेणारी लेखिका

मुलांकरितां लिहिणारे ग्रंथकार बहुधा दोन प्रकारचे असतात. पुष्कळजण मुलांस समोर बसवून उपदेश करितात; थोडे मात्र मुलांच्या शेजारीं बसून त्यांच्या डोळ्यांनीं जगाकडे पाहतात. स्वीडन देशांतील आस्ट्रिड लिंडग्रेन बाई या दुसऱ्या वर्गांतील होत्या. त्यांच्या पुस्तकांचीं भाषांतरें शंभराहून अधिक भाषांत झालीं आहेत. त्यांचा प्रभाव इतका टिकाऊ कां ठरला, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

बाईंचा जन्म १९०७ सालीं विमर्बी गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. १९४१ सालीं त्यांची मुलगी फुफ्फुसाच्या विकारानें अंथरुणास खिळली असतां तिनें आईजवळ गोष्टीचा हट्ट धरला. नायिकेचें 'पिप्पी' हें नांवही त्या मुलीनेंच सुचविलें. पुढें १९४४ सालीं बर्फावरून घसरून बाईंचा पाय मुरगळला, आणि त्या सक्तीच्या विश्रांतींत त्यांनीं त्या गोष्टी लिहून काढल्या. एका प्रकाशकानें हस्तलिखित परत केलें. दुसऱ्यानें तें १९४५ सालीं प्रसिद्ध केलें.

पिप्पी ही नऊ वर्षांची मुलगी घोडा व माकड यांच्या सोबतीनें एका घरांत राहते. ती मनास येईल तसें वागते, शाळेंत रमत नाहीं, आणि घोडाही सहज उचलते. असल्या पुस्तकानें मुलें बिघडतील, असा आक्षेप त्या काळीं स्वीडनांतील कांहीं विद्वानांनीं घेतला. आमच्या पालकांच्या मनांतही ही शंका सहज येईल. परंतु बारकाईनें वाचणाऱ्यास दिसून येईल कीं, पिप्पी आपलें अचाट बळ दुर्बळावर कधींच चालवीत नाहीं. पांच दांडगीं मुलें एका लहान मुलास छळूं लागतात, तेव्हां ती त्याच्या मदतीस धांवते. सामर्थ्य असूनही त्याचा दुरुपयोग न करणें, हा धडा मुलें हंसतां हंसतां शिकतात.

१९६३ सालीं आलेल्या 'एमिल'च्या गोष्टींतही हेंच दिसतें. हा खोडकर मुलगा नित्य कांहींतरी उपद्व्याप करितो, आणि बाप त्यास सुतारकामाच्या खोलींत कोंडतो. तेथें तो दर खेपेस लांकडाचा एक पुतळा कोरतो. असे ३६९ पुतळे होतात! पण घरचा गडी आजारानें मरणोन्मुख होतो, तेव्हां हाच पोर हिमवादळांतून त्यास एकट्यानें डॉक्टरांकडे पोंचवितो. पुढें तो गांवच्या सभेचा अध्यक्ष होतो, असें लेखिका सांगते. खोडकरपणा म्हणजे दुष्टपणा नव्हे, हें ज्या वडील माणसांस कळत नाहीं, त्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें.

१९७८ सालीं जर्मनींत शांततेचें पारितोषिक स्वीकारतांना बाईंनीं एक ऐकलेली गोष्ट सांगितली. छडीवांचून मूल सुधारत नाहीं, असें मानण्याच्या काळांतील एका आईनें मुलास शिक्षेसाठीं स्वतःच छडी शोधून आणावयास धाडलें. बऱ्याच वेळानें मुलगा रडत परत आला. छडी मिळाली नाहीं, पण हा दगड फेकून मारतां येईल, असें म्हणून त्यानें तो पुढें केला. आईला इजाच करावयाची आहे, तर दगडही चालेल, असें त्यास वाटलें होतें! आईच्या डोळ्यांस पाणी आलें. तिनें मुलास पोटाशीं धरिलें आणि तो दगड स्वयंपाकघरांतील फळीवर कायमचा ठेविला. पुढच्याच वर्षीं, १९७९ सालीं, मुलांस मारण्यास कायद्यानें बंदी करणारा स्वीडन हा जगांतील पहिला देश ठरला. 

२००२ सालीं बाई निवर्तल्या. त्याच वर्षीं स्वीडिश सरकारनें बालसाहित्यासाठीं त्यांच्या नांवें ५० लाख क्रोनरचें पारितोषिक स्थापिलें. परंतु त्यांचें खरें स्मारक वाचकांच्या मनांत आहे. ज्या मुलास पुस्तकांत आपला कैवारी भेटतो, तें मूल तें पुस्तक विसरत नाहीं. आणि मोठेपणीं स्वतःच्या मुलावर हात उगारतांना त्यास त्या दगडाची आठवण होते. विद्यार्थ्यांनीं हीं पुस्तकें मिळवून वाचावीं, आणि पालकांनीं तीं मुलांच्या शेजारीं बसून वाचावीं, एवढीच आमची विनंति आहे.