धारावी पुनर्विकास आराखडा

धारावी पुनर्विकास आराखडा हा मुंबईतील धारावी या दाट वस्तीच्या पुनर्रचनेसाठी महाराष्ट्र शासनाने हाती घेतलेला आणि दोन दशकांत वारंवार रखडून नव्याने मांडला गेलेला आराखडा होय. पात्र रहिवाशांना मोफत घरे व त्याच भूमीवर खुल्या विक्रीच्या इमारती, अशी संमिश्र उत्पन्नगटांची वसाहत त्यात अभिप्रेत आहे. विक्रीच्या उत्पन्नातून पुनर्वसनाचा खर्च निघावा, हे त्याचे आर्थिक सूत्र.

पार्श्वभूमी

धारावी मिठी नदीच्या दक्षिणेस, पश्चिम व मध्य रेल्वेमार्गांच्या बेचक्यात वसली आहे. नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिल्यावर येथील जमिनीचे मोल वाढले. २००४ मध्ये शासनाने वास्तुविशारद मुकेश मेहता यांच्या संकल्पनेवर आधारित योजना मंजूर केली. २००७ मध्ये विकासकांना जागतिक पातळीवर आवाहन करण्यात आले. परंतु २००८ च्या आर्थिक मंदीनंतर अनेक इच्छुकांनी माघार घेतली आणि २०११ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. २०१८ ची निविदाही रेल्वेच्या जमिनीचा नव्याने समावेश झाल्याने बारगळली. २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची बोली सर्वाधिक ठरली.

फेरविचाराचे मुद्दे

प्रत्येक फेरमांडणीत चर्चा मुख्यतः घराच्या क्षेत्रफळाभोवती फिरली. प्रारंभीचे २२५ चौरस फुटांचे घर आता ३५० चौरस फुटांचे झाले आहे. ही वाढ स्वागतार्ह खरी, पण धारावीचा प्रश्न केवळ निवाऱ्याचा नाही. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या वंशजांना माती मळण्यास, मडकी वाळविण्यास आणि भट्टी लावण्यास घरालगतचे अंगण लागते. पापड लाटणाऱ्या स्त्रियांनाही वाळवणासाठी ऊन व मोकळी जागा हवी. चामड्याच्या वस्तू, शिवणकाम, भंगाराची वर्गवारी हे उद्योग गल्लीच्या पातळीवर एकमेकांना कच्चा माल पुरवितात. त्यांना उद्वाहनाच्या इमारतीत मजल्यामजल्यांवर विखुरले, तर ही साखळी तुटण्याचा धोका आहे. म्हणून घरांच्या संख्येआधी कामाच्या जागांचा हिशेब मांडावा, हा फेरविचारातील सर्वांत वजनदार मुद्दा ठरतो.

दुसरा मुद्दा पात्रतेचा. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांना धारावीतच मोफत घर मिळते. त्यानंतरच्या, १ जानेवारी २०११ पर्यंतच्या तळमजल्यावरील रहिवाशांना अडीच लाख रुपयांत धारावीबाहेर घर देण्याची तरतूद आहे. १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या माळ्यावरील रहिवाशांना बाहेरच भाडेतत्त्वावरील घर मिळावयाचे असून ते हप्त्यांनी विकत घेण्याचाही पर्याय आहे. माळ्यावर राहणारा बहुधा खालच्याच कारखान्यातील कारागीर असतो. तो दूर गेल्यास कारखान्याचे मनुष्यबळही दुरावते, शिवाय त्याच्यावर रोजच्या प्रवासाचा भार पडतो. आणि वसाहतीतील ‘संमिश्रता’ त्या प्रमाणात उणी होते.

सद्यःस्थिती

घरोघरचे सर्वेक्षण मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. बाहेरील पुनर्वसनासाठी मिठागरांच्या जमिनीही देण्याचा निर्णय झाला असून त्यावर पर्यावरणाच्या अंगाने आक्षेप घेतले गेले आहेत. मे २०२५ मध्ये नव्या आराखड्यास शासनाची मंजुरी मिळाली.