वेड की विष?

जोनाथन केलरमन हे अमेरिकी रहस्यकथाकार मुळात बालमानसशास्त्रज्ञ. लॉस एंजलिसच्या बालरुग्णालयात त्यांनी काम केले आहे. त्यामुळे त्यांचा नायक अ‍ॅलेक्स डेलावेअर याला पिस्तुलापेक्षा रुग्णाची हकिगत अधिक उपयोगी पडते. १९८७ सालच्या ‘ओव्हर द एज’मध्ये या मानसशास्त्रज्ञाला रात्री एका जुन्या रुग्णाचा फोन येतो. जेमी कॅडमस हा विलक्षण बुद्धिमान, पण एकाकी मुलगा. तो असंबद्ध बोलत असतो. पुढे त्याच्यावर खुनांचा आरोप येतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, हे सर्वांनी धरूनच चाललेले असते.

(पुस्तक वाचायचे असेल त्यांनी पुढची दोन वाक्ये गाळावीत.) जेमीचे वेड आजाराचे नसतेच. त्याच्या शरीरात विषारी द्रव्ये घातली जात असतात.

वाचकाला हे फिल्मी वाटेल. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला वाटत नाही. ‘डॉक्टर, पोराला कोणी खाण्यातून काही घातलं असेल का हो?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. विचारणाऱ्या आईच्या मनात बहुधा करणी असते. पण प्रश्न हसण्यावारी नेऊ नये, कारण उकिरड्यावर आणि शेताच्या बांधावर उगवणारा धोतरा नेमके हेच करतो. महादेवाला वाहिलेले त्याचे काटेरी फळ मुलांच्या हाती लागते, कोणी नशेसाठी बिया खातो, तर कधी प्रवासात लुटण्यासाठी त्या खाण्यातून दिल्या जातात.

धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. तोंडाला कोरड पडते, कातडी लाल, गरम आणि कोरडी होते, नाडी धावते, लघवी अडते. बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की उजेड सहन होत नाही. रुग्ण बडबडतो, नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो, अंथरुण चिवडत बसतो. घरचे म्हणतात, वेड लागले.

फरक कसा ओळखायचा? स्किझोफ्रेनियात सहसा आवाज ऐकू येतात आणि बदल आठवड्यांत, महिन्यांत होत जातो. आपण कुठे आहोत, वार कोणता, हे रुग्णाला बहुधा कळत असते. विषबाधेत काही तासांतच भान सुटते आणि भास मुख्यतः डोळ्यांना होतात. हा फरक पुस्तकी नाही. अशा रुग्णाला शांत करण्यासाठी मनोविकाराची काही जुनी औषधे दिली, तर त्यांचा गुण धोतऱ्यासारखाच असल्याने तो आणखी बिघडू शकतो.

विषाशिवाय इतर सोंगाडेही आहेत. मेंदूज्वर, थायरॉइडचे विकार, शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आजार. २००७ साली तर एक असा मेंदूदाह नीट वर्णिला गेला, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करते. त्याच्या कित्येक तरुण रुग्णांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच नेले जाते.

तरीही केलरमन यांची कादंबरी वाचून कोणी भलती आशा धरू नये. किशोरवयाच्या अखेरीस मुलगा महिनोन् महिने एकलकोंडा होत गेला, शाळा सुटली, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवते असे म्हणू लागला, तर बहुतेक वेळा तो खरोखरच मनोविकार असतो. विषाचा शोध घेत मांत्रिकाकडे घालवलेले महिने उपचाराच्या मुळावर येतात. आणि असे रुग्ण खुनी असतात, हा तर रहस्यकथांनीच पसरवलेला समज. ते बहुधा इतरांच्या हिंसेचेच बळी होतात. इथे निदान केलरमन यांनी आरोपीवर अन्याय केलेला नाही.

मूल अचानक बरळू लागले, तर थेट अपघात विभागात आणावे. घरातली सगळी औषधे, आजीच्या गोळ्यासुद्धा, आणि खाल्लेले फळ वा बी पिशवीत घालून सोबत घ्यावे. बदल हळूहळू होत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही विचारता येते.