एकच वचन, दोन मुखे : ‘द नाइट ऑफ द हंटर’ या चित्रपटातील धर्मभाषा, उन्माद आणि भय

चार्ल्स लॉटन हे प्रथमतः नट. चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर एकच कृती जमा आहे, ती म्हणजे १९५५ साली प्रदर्शित झालेला ‘द नाइट ऑफ द हंटर’ हा कृष्णधवल चित्रपट. डेव्हिस ग्रब यांच्या १९५३ च्या कादंबरीवर तो आधारलेला असून पटकथेचे श्रेय जेम्स एजी यांचे आहे. चित्रपटाला त्या वेळी व्यावसायिक यश लाभले नाही आणि १९६२ साली मृत्यू येईपर्यंत लॉटन यांनी दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. पुढे मात्र त्याची थोरवी मान्य होत गेली. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेश झाला. भाषेच्या अभ्यासकाला हा चित्रपट विशेष विचारार्ह वाटावा, याचे कारण असे की त्यातील भय मुख्यतः शब्दांतून, आणि तेही पवित्र मानलेल्या शब्दांतून, निर्माण होते.

कथानक थोडक्यात असे. आर्थिक मंदीच्या काळात ओहायो नदीकाठच्या एका गावी बेन हार्पर हा गृहस्थ पोटच्या पोरांची उपासमार होऊ नये म्हणून दरोडा घालतो आणि त्यात दोन माणसे मारतो. पकडले जाण्यापूर्वी तो दहा हजार डॉलर मुलीच्या बाहुलीत लपवतो व मुलगा जॉन याच्याकडून मौनाची शपथ घेतो. तुरुंगात त्याच्या कोठडीत हॅरी पॉवेल हा धर्मोपदेशक असतो. विधवांशी विवाह करून त्यांचा खून करणे हा त्याचा व्यवसाय. सुटल्यावर तो हार्परची विधवा विला हिच्याशी लग्न करतो, तिला ठार करतो आणि पैशांसाठी मुलांच्या मागे लागतो. जॉन व पर्ल नावेतून नदीने पळतात आणि रेचेल कूपर या अनाथ मुले सांभाळणाऱ्या वृद्धेच्या आश्रयास येतात.

‘मुखात राम, बगलेत सुरी’ ही म्हण पॉवेलला अक्षरशः लागू पडते; त्याच्या खिशात खटक्याची सुरी असते आणि ओठांवर बायबल. तथापि या म्हणीने पॉवेलचा पूर्ण उलगडा होत नाही. दांभिक मनुष्याला श्रोता लागतो. एकांतात त्याचा दंभ गळून पडतो. पॉवेल तर चित्रपटाच्या आरंभीच, मोटारीत एकटा असताना, परमेश्वराशी घरगुती सलगीने बोलू लागतो. विधवा सहा झाल्या की बारा, याचा त्याला विसर पडला आहे. हत्येला ईश्वराची हरकत नाही, पण नटलेल्या, सुगंध ल्यालेल्या स्त्रिया ईश्वराला आवडत नाहीत, असा त्याचा सिद्धांत आहे. तेथे त्याला फसवायला कोणीही नाही. म्हणून त्याला केवळ भोंदू म्हणणे अपुरे ठरते. त्याच्या ठिकाणी लोभ, स्त्रीद्वेष आणि श्रद्धा यांची सरमिसळ झाली आहे, आणि ती वेगळी करून दाखविण्याचे चित्रपटाने टाळले आहे.

तुरुंगात हार्पर त्याला विचारतो की तुझा धर्म कोणता. आपण आणि सर्वशक्तिमान यांनी दोघांत ठरवून घेतलेला, असे पॉवेलचे उत्तर आहे. हे उत्तर प्रस्तुत विवेचनाची किल्ली होय. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, १९५३ मध्ये, विट्गेन्स्टाइन यांचा उत्तरकालीन विचार त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रकाशात आला. त्यातील खाजगी भाषेविषयीचा युक्तिवाद थोडक्यात असा : आपण नियम पाळीत आहोत असे वाटणे आणि नियम पाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, जेथे चूक दाखविणारा दुसरा कोणी असूच शकत नाही, तेथे हा भेदच नाहीसा होतो. पॉवेलचा ईश्वर त्याला कधीच नाही म्हणत नाही. ज्या धर्मात देव भक्ताची चूक काढीत नाही, तो धर्म भक्ताच्या इच्छेहून वेगळा उरत नाही. पॉवेलच्या उन्मादाचे स्वरूप हेच आहे.

परंतु त्याचे शब्द खाजगी नाहीत. ते साऱ्या गावाचे आहेत आणि भयाचा उगम येथे आहे. उजव्या हाताच्या बोटांवर ‘प्रेम’ आणि डाव्या हाताच्या बोटांवर ‘द्वेष’ या अर्थाचे चार-चार अक्षरांचे इंग्रजी शब्द त्याने गोंदवून घेतले आहेत. दोन्ही हातांची झुंज लावून तो काइनच्या बंधुहत्येची कथा निरूपण करतो, तेव्हा मिठाईच्या दुकानातील मंडळी भारावून जातात. दुकानाची मालकीण आइसी स्पून हीच विलाला या विवाहाकडे ढकलते. समाज परिचित शब्द ऐकतो आणि परिचित अर्थ गृहीत धरतो. विलाचे तर या शब्दांपुढे काहीच चालत नाही. विवाहाच्या रात्री पॉवेल तिला आरशासमोर उभी करून देहाची लाज शिकवतो. पुढे तीच मशालींच्या उजेडात भरलेल्या सभेत आपल्या पापाची कबुली ओरडून देते. तिचा वध ज्या शयनगृहात होतो, त्याचे उतरते छत व प्रकाशयोजना यांमुळे ती खोली प्रार्थनामंदिरासारखी भासते. स्टॅन्ली कॉर्टेझ यांचे छायाचित्रण येथे संवादाइतकेच बोलके आहे.

या शब्दांचा सर्वांत खोल परिणाम जॉनवर होतो. रेचेल प्रथम बायबल उघडते, तेव्हा तो उठून बाहेर जातो, कारण त्याच्या अनुभवात तो ग्रंथ खुन्याचा आहे. रेचेल त्याला उपदेश करीत नाही. ती त्याला एक सफरचंद आणावयास सांगते, त्यालाही एक घ्यावयास सांगते; मग तोच नदीकाठी सापडलेल्या राजांची गोष्ट पुन्हा सांग म्हणतो. ही मोझेसची कथा. राजा एकच होता, असे रेचेल म्हणते. दोघे होते असे ऐकल्याचे जॉनला आठवते. नदीतून वाहत आलेल्या मुलाने स्वतःला व बहिणीला त्या कथेत बसविले आहे. पॉवेलने त्याच्यापासून हिरावलेली भाषा येथे त्याला परत मिळते.

पुढील रात्रीचा प्रसंग या मांडणीचा कळस आहे. पॉवेल अंगणात बसून ‘लीनिंग ऑन दि एव्हरलास्टिंग आर्म्स’ हे १८८७ सालचे भजन गात आहे. चित्रपटभर तेच त्याचे आगमन सूचित करते. घरात बंदूक मांडीवर घेऊन बसलेली रेचेल त्याच्या सुरात सूर मिळविते. चाल एक, भजन एक. फरक इतकाच की पॉवेलच्या गाण्यात न आलेले येशूचे नाव रेचेल आपल्या ओळीत आणते. शब्दांच्या रूपावरून साधू आणि मारेकरी ओळखता येत नाहीत, परंतु रेचेलची श्रद्धा स्वतःबाहेरील कोणाला तरी उत्तरदायी आहे, आणि तिच्या पाठीशी झोपलेली मुले आहेत.

अखेरीस पॉवेल पकडला जातो, तेव्हा जॉनला बापाच्या अटकेचे दृश्य आठवते. तो बाहुली आपटून पैसे त्या खुन्यावरच उधळतो आणि मौनाच्या शपथेतून मोकळा होतो. न्यायालयात मात्र तो पॉवेलविरुद्ध बोट उचलीत नाही. फाशीसाठी चवताळलेल्या जमावाच्या अग्रभागी आइसी स्पून आहे. काल पॉवेलची स्तुती ज्या आवेशाने तिने केली, त्याच आवेशाने आज ती त्याचा जीव मागते. त्या गदारोळातून रेचेल मुलांना शांतपणे घरी घेऊन जाते.